फोटो हलून येतात? कॅमेरा स्थिर धरण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात कोणी नवीन कॅमेरा घेतला की थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास येते, फोटो ब्लर येऊन राहिले, लेन्स बदलून आणू का? थांबा राजेहो, लेन्स बदलायची घाई नको. बहुतेक वेळा लेन्स ठणठणीत असते आणि गडबड शटर स्पीडमध्ये (फोटो काढताना शटर किती वेळ उघडं राहतं त्यात) असते नाहीतर तुमच्या डाव्या कोपरात. फुटाळ्यावर, अंबाझरीच्या बांधावर, महालातल्या गर्दीत, ताडोब्याच्या जिप्सीत लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र लिहिलेत. आत आरसा असलेला डीएसएलआर असो, बिनआरशाचा मिररलेस असो की खिशातला छोटा कॉम्पॅक्ट, बऱ्याच गोष्टी सगळ्यांना लागू पडतात, जिथे फरक आहे तिथे वेगळं सांगितलंय.

फोटो हललाय की फोकस चुकलाय, कसं ओळखायचं?

हे सगळ्यात आधी ओळखा कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पूर्ण झूम करून पाहा. समजा झिरो माईलच्या घोड्यांच्या पुतळ्यांचा फोटो आहे. घोडे, दगडी खांब, मागची झाडं सगळंच एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय आणि दिव्यांच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्यात, तर कॅमेरा हलला. घोडा पुसट पण त्याच्या पुढचं गवत एकदम कडक, तर फोकस भलतीकडे बसला, यात हाताचा काही दोष नाही. घोडे आणि खांब शार्प, पण समोरून जाणारा माणूस तेवढा पुसट, तर माणूस हलला, तिथे ट्रायपॉड लावूनही काही होणार नाही, शटर स्पीडच वाढवावा लागेल.

अजून एक प्रकार आहे जो लोकांच्या लक्षातच येत नाही. फोटोचा मधला भाग बरा असतो आणि कडेचे दिवे मात्र गोल फिरल्यासारखे, कमानीसारखे ताणलेले दिसतात. म्हणजे बटण दाबताना कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली गेली आणि कॅमेरा वळला. आणि सगळ्या दिव्यांभोवती दुधाळ वलय असेल तर काच पुसा, बोटाचा ठसा लागलाय.

हातात धरून काढायचं तर शटर स्पीड कमीत कमी किती पाहिजे?

फिल्मच्या काळापासून चालत आलेला हिशोब आहे, लेन्स जितक्या मिलिमीटरला आहे, सेकंदाचा तितकावा भाग. ५० एमएमला १/५०, २०० एमएमला १/२००. हा हिशोब फुल फ्रेमचा, म्हणजे ज्याचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असतो त्या कॅमेऱ्याचा. आपल्याकडे बहुतेकांकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे त्याहून छोट्या सेन्सरचा कॅमेरा असतो, त्यात निकॉन, सोनी, फुजीला दीडने गुणा आणि कॅननला १.६ ने, अजून छोट्या सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्सवाल्यांनी दुपटीने. म्हणजे कॅननच्या क्रॉप बॉडीवर ५५-२५० लेन्स पूर्ण झूम केली की कमीत कमी १/४०० पाहिजे, आणि लोक तिथेच १/६० वर फोटो काढतात आणि मग लेन्सला शिव्या देतात. झूम केल्यावर जसं सगळं मोठं दिसतं तसा हाताचा थरथराटही मोठा होतो, एवढं कळलं की हिशोब पाठ करायची गरज नाही.

आणि हे फक्त तुमच्या हाताचं झालं. समोरचा हलतो त्याचं वेगळं. उभ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, अंगणात पळणाऱ्या पोट्ट्यांना १/५०० किंवा वर. दोन्हीपैकी जो स्पीड जास्त येईल तो धरा.

स्पीड वाढवला की फोटो काळा येतो, मग?

मग आयएसओ वाढवा, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती दाद देतो तो आकडा. इथे लोक फार घाबरतात, कोणीतरी सांगितलेलं असतं की आयएसओ १०० च ठेव, नाहीतर दाणे येतात. येऊ द्या ना दाणे! आयएसओ ३२०० वर दाणेदार पण शार्प आलेला फोटो घरी थोडा साफ करता येतो, मोबाईलवर पाहिला तर दाणे दिसतही नाहीत, पण आयएसओ १०० वर हललेला फोटो हललेलाच राहतो, त्याला पुढे काही करता येत नाही. संध्याकाळी सीताबर्डीच्या बाजारात, लग्नाच्या लॉनवर, घरातल्या ट्यूबलाइटमध्ये बिनधास्त १६००, ३२०० ला जा.

सगळ्यात सोपं म्हणजे ऑटो आयएसओ. बऱ्याच निकॉन, कॅनन, सोनी कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओच्या मेन्यूमध्ये मिनिमम शटर स्पीड ठरवता येतो, तिथे १/१२५ किंवा १/२५० टाकून ठेवा, कॅमेरा त्याच्या खाली जायच्या आधी स्वतःच आयएसओ वाढवतो. ही सेटिंग नसेल तर शटर प्रायॉरिटी मोड घ्या, त्यात स्पीड तुम्ही ठरवता, डायलवर S किंवा कॅननवर Tv लिहिलेलं असतं. त्याशिवाय अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक उघडा, एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ किट लेन्स झूम केली की तिचं अपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही, म्हणून अंधारात झूम न करता दोन पावलं पुढे जाऊन १८ वरच फोटो घ्या, उजेडही जास्त मिळतो आणि हललेलंही कमी दिसतं.

कॅमेरा धरायचा नेमका कसा?

आता मुद्द्याचं. रस्त्यावर नवीन लोकांना पाहा, दोन्ही हातांनी कॅमेऱ्याच्या दोन बाजू पकडलेल्या असतात, कोपरं पंखासारखी बाहेर काढलेली आणि सगळं वजन मनगटांवर. असं धरलं की हात थरथरणारच, कारण हवेत लोंबकळणारा हात स्नायूंवर तोललेला असतो आणि स्नायू काही एका जागी शांत राहत नाहीत. आपल्याला कॅमेऱ्याचं वजन हाडांवर घ्यायचंय, हाडांवरून छातीवर आणि तिथून खाली पायांवर.

डाव्या हातापासून सुरू करा. डावा तळहात वर, आकाशाकडे, आणि त्यावर कॅमेरा ठेवा, म्हणजे लेन्स आणि बॉडी जिथे जोडतात तो भाग तळहाताच्या टाचेवर आला पाहिजे, अंगठा आणि पहिली दोन बोटं लेन्सला खालून धरतील आणि झूमची रिंगही तीच फिरवतील. वजन सगळं या हातावर. आता डावं कोपर आत घ्या, बरगडीला टेकेपर्यंत. टेकलं म्हणजे खरंच टेकलं पाहिजे, शर्टाला लागून असणं पुरेसं नाही. उजवा हात फक्त ग्रिप धरेल, घट्ट आवळायची नाही, आवळली की बोटाचा कंप थेट बटणात उतरतो. उजवं कोपरही खाली, अंगाजवळ.

मग व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, भुवईला टेकवा, हलका दाब येईल इतपत. आता दोन हात आणि एक कपाळ असे तीन टेकू झाले. चष्मेवाल्यांना थोडा त्रास होतो, डायॉप्टरचं छोटं चाक व्ह्यूफाइंडरच्या बाजूला असतं ते फिरवून चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं का पाहा. पाय खांद्याइतके लांब, एक थोडा पुढे, गुडघे ताठ करू नका. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आहे तर तो डाव्या कोपराला एक वेढा देऊन ताणून घ्या, तेवढ्यानेही फरक पडतो.

घरी आरशासमोर उभं राहून एकदा करून पाहा. डावा तळहात वर आहे की बाजूला, तेवढंच तपासा. तो वर आला की बाकीचं अर्धं आपोआप जमतं.

बटण कसं दाबायचं, श्वास रोखायचा का?

पूर्ण श्वास भरून रोखू नका, छाती भरलेली असताना हृदयाचे ठोके हातात जास्त जाणवतात. साधा श्वास घ्या, अर्धा सोडा, तिथे थोडं थांबा आणि दाबा. बटण आधी अर्धं दाबून फोकस घ्या, मग बोट न उचलता पुढचं अर्धं हळूच. बोटाच्या टोकाने टोचायचं नाही, बोटाचा मऊ भाग बटणावर आडवा ठेवून दाबायचं, आणि फोटो झाल्यावर बोट लगेच उडवायचं नाही, क्षणभर तसंच ठेवायचं.

अगदी कमी उजेड असेल तर बर्स्टवर ठेवून सलग तीन-चार फोटो घ्या. पहिल्यात दाबण्याचा धक्का असतो, शेवटच्यात सोडण्याचा, मधले बरेचदा शार्प निघतात. माझ्या मते ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी युक्ती आहे.

माझ्या कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडरच नाही, स्क्रीन पाहून काढावं लागतं.

कॉम्पॅक्टवाल्यांनो, हात लांब करू नका. दोन्ही कोपरं पोटाला टेकवा आणि तिथून स्क्रीन पाहा, चेहऱ्यापासून फूटभरावर कॅमेरा येतो, तेवढा बस. गळ्यात पट्टा असेल तर कॅमेरा पुढे ढकलून पट्टा ताणून धरा, मान आणि दोन हात असा त्रिकोण होतो आणि थरथर बरीच कमी होते. मोबाईललाही हेच लागू.

उभा फोटो काढताना जास्त हलतो, काऊन?

कारण उजवं कोपर वर हवेत जातं. ग्रिप वर ठेवून उभा धरत असाल तर वजन पूर्ण डाव्या हातावर द्या आणि डावं कोपर छातीला घट्ट लावा, उजव्याला फक्त बटणाचं काम. ग्रिप खाली घेऊनही धरता येतं, तेव्हा उजवं कोपर पोटाला लागतं. ज्याला जे जमेल ते.

व्हीआर, आयएस असलेली लेन्स घेतली तर हे सगळं करायची गरज नाही ना?

गरज आहे. नाव कंपनीप्रमाणे बदलतं, निकॉनमध्ये व्हीआर, कॅननमध्ये आयएस, सोनीच्या लेन्समध्ये ओएसएस, टॅमरॉनमध्ये व्हीसी, काम एकच. आत छोटे जायरो सेन्सर कॅमेऱ्याचं डोलणं मोजतात आणि लेन्समधला एक काचेचा गट उलट दिशेला सरकवतात. ही गोष्ट तशी जुनी आहे, निकॉनचा झूम ७०० व्हीआर हा फिल्मचा कॉम्पॅक्ट १९९४ चा, कॅननची ७५-३०० आयएस लेन्स १९९५ ची, आणि सेन्सरच हलवून तोल सांभाळणारा मिनोल्टाचा डायमेज ए१ २००३ चा. आजच्या बऱ्याच मिररलेसमध्ये सेन्सर हलवणारी सोय बॉडीतच येते.

फायदा भरपूर आहे. तीन स्टॉपचा, म्हणजे वेळ तीनदा दुप्पट करायचा फायदा असेल तर जिथे १/२०० लागायचं तिथे १/२५ वरही जमू शकतं. पण हे फक्त तुमच्या हाताचं डोलणं कापतं, समोरच्याचं हलणं नाही. १/२५ वर दीक्षाभूमीचा स्तूप शार्प येईल, समोरून चालत जाणारे लोक पुसट येतील. लोक इथेच फसतात, व्हीआर चालू आहे म्हणून घरातल्या लग्नात १/३० वर नाचणाऱ्या मंडळींचे फोटो काढतात.

आणि एक, बटण अर्धं दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र एकदम शांत होतं, ते शांत होईपर्यंत थांबा, लगेच दाबू नका.

ट्रायपॉड नाही आणि घ्यायचाही नाही, काय करू?

टेकू शोधा. नागपुरात टेकूची कमी नाही, फुटाळ्याचा कठडा, मेट्रोचा खांब, झाड, भिंत, उभ्या स्कूटरची सीट. भिंतीला पाठ लावण्यापेक्षा खांदा लावा, जास्त घट्ट बसतं. खाली बसत असाल तर एक गुडघा जमिनीवर आणि दुसऱ्या गुडघ्यावर डावं कोपर, पण कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नका, हाडावर हाड घसरतं, कोपराच्या जरा वरचा दंडाचा भाग गुडघ्यावर टेकवा.

कठड्यावर कॅमेरा सरळ ठेवून दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावला तर सेकंदभराचं एक्सपोजरही निघतं, लेन्स खाली झुकत असेल तर खाली पाकीट किंवा घडी केलेला रुमाल सरकवा. पट्टा मात्र हाताला गुंडाळून ठेवा, पाण्याच्या बाजूला कॅमेरा एकटा सोडायचा नाही.

आणि दोरीचा ट्रायपॉड एकदा नक्की करून पाहा. कॅमेऱ्याच्या खाली जे भोक असतं त्याला पाव इंची बोल्ट लागतो, इंचाला २० आट्यांचा. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात कॅमेरा दाखवून बोल्ट मागा. लांबी कमीच घ्या, आत टेकल्यावर जोर लावून फिरवायचा नाही. बोल्टला मजबूत सुतळी बांधायची, दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा डोळ्यापर्यंत आणून दोरी ताणून धरायची. वरखाली डोलणं बरंच थांबतं, खर्च किरकोळ आणि खिशात मावतं. जिथे ट्रायपॉड लावू देत नाहीत तिथेही हे चालून जातं.

ताडोबा, पेंचला जाऊन राहिलो, जिप्सीत ट्रायपॉड नेऊ का?

नको, जागाच नसते. बीनबॅग न्या. जुन्या जीन्सचा एक पाय कापून शिवून घ्या आणि आत हरभरा किंवा तांदूळ भरा, पाऊण भरा म्हणजे लेन्स त्यात रुतून बसेल. जिप्सीच्या दांडीवर ही पिशवी ठेवली की ७०-३०० काय, १५०-६०० पण आरामात बसते.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, इंजिन. गाडी चालू असताना दांडीवर टेकवलेला कॅमेरा हातातल्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त हलतो, इंजिनचा सगळा कंप दांडीतून लेन्समध्ये येतो. ड्रायव्हरदादांना निघतानाच सांगून ठेवा की दादा, जनावर दिसलं की आधी इंजिन बंद करा. बंद करता येत नसेल तर कॅमेरा दांडीवरून उचला, कोपरं अंगाला लावा आणि हातातच धरा. आणि गाडीतल्या बाकी मंडळींना प्रेमाने सांगा की दोन मिनिटं हलू नका, कारण मागच्या सीटवर एक माणूस उठून उभा राहिला तरी ३०० एमएमवर वाघ फ्रेमच्या बाहेर जातो. सकाळच्या पहिल्या तासात उजेड नसतोच, आयएसओ ३२०० आणि १/५०० ने सुरुवात करा, ऊन आलं की आयएसओ खाली आणा.

मारबतीच्या गर्दीत कसं जमवायचं?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी भल्ली गर्दी असते, काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडगे म्हणजे टोमणे मारणारे पुतळे निघतात, "घेऊन जा गे मारबत" चा गजर चालू असतो आणि मागून सतत धक्के लागत असतात. इथे स्थिर उभं राहायचा हट्ट सोडा, शटर स्पीडवर अवलंबून राहा. छोटी लेन्स, १८ ते ३५ एमएम, १/५००, ऑटो आयएसओ. दुकानाच्या ओट्यावर किंवा खांबाला खांदा लावून जागा मिळाली तर उत्तम, निदान एका बाजूचा धक्का कमी होतो. हात वर करून डोक्यावरून फोटो काढायचा असेल तर स्पीड अजून वाढवा, कारण तेव्हा एकही टेकू उरत नाही.

उन्हाळ्यात टेलेफोटोचे फोटो पाण्यातून काढल्यासारखे येतात, हात तर स्थिर असतो.

हात स्थिरच आहे तुमचा, हवा हलते. मे अखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या पुढे गेला की डांबरी रस्त्यावरची, माळरानावरची हवा तापून वर उठते, गरम आणि कमी गरम हवेच्या थरांतून येताना प्रकाश सारखा वाकतो आणि लांबची प्रत्येक वस्तू थरथरताना दिसते. यावर ट्रायपॉड, व्हीआर, १/४००० काहीच पूर्ण इलाज नाही. सकाळी लवकर जा, गोरेवाड्याला पक्षी पाहायला जाणारे तसेच जातात, आणि शक्य तितकं जवळ जा म्हणजे मधली हवा कमी होईल. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून फोटो काढू नका. एसी चालू ठेवून उघड्या काचेतूनही नको, गार-गरम हवा लेन्सच्या समोरच मिसळते.

घामाने हात निसटत असेल तर एक सुती रुमाल सोबत ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उलटं, पहाटे बोटं आखडतात आणि बटणाचा अंदाज येत नाही, बोटं उघडी राहतील असे हातमोजे घ्या. पावसाळ्यात एसी गाडीतून एकदम बाहेर आलं की काचेवर वाफ धरते, तो ब्लर समजू नका, कॅमेरा बॅगेतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या.

ट्रायपॉडवर लावूनही फोटो हलला, हे कसं काय?

बरीच कारणं असतात. बोटाने बटण दाबलं, तर टायमर किंवा रिमोट वापरा. मधला दांडा पूर्ण वर काढला, तर तो खाली घ्या आणि आधी पायच लांब करा, जाड पाय आधी. उड्डाणपुलावर उभे असाल तर प्रत्येक ट्रक गेला की पूल हलतो, ट्रक जाऊ द्या मग दाबा. वारा असेल तर दांड्याच्या हुकाला बॅग लटकवा पण ती झुलली नाही पाहिजे, जमिनीला किंचित टेकलेली बरी. डीएसएलआरमध्ये आरसा वर उठण्याचा धक्का १/४ ते १/३० च्या आसपास जास्त दिसतो, त्याला मिरर लॉक-अप (आरसा आधीच वर उचलून ठेवणं) किंवा लाइव्ह व्ह्यू (स्क्रीन पाहून काढणं) हा उपाय. आणि लेन्स जुनी असेल तर ट्रायपॉडवर व्हीआर बंद करा, डोलणं नसताना ती उगाच सुधारत बसते.

जुन्या कॅमेऱ्यात इतकं हलत नव्हतं, नवीन जास्त मेगापिक्सलचा घेतला तर जास्त हलतं?

हलतं तेवढंच, दिसतं जास्त. मेगापिक्सल वाढले की शंभर टक्के झूम केल्यावर तेच डोलणं जास्त पिक्सलवर पसरलेलं दिसतं. शटर स्पीडचा वरचा हिशोब दुप्पट करा, म्हणजे १/५० च्या जागी १/१००, आणि निवांत राहा.

प्रॅक्टिस कशी करू?

भिंतीवर पेपरचं एक पान चिकटवा. ५० एमएमला लेन्स ठेवा, व्हीआर बंद, आणि १/२५०, १/१२५, १/६०, १/३०, १/१५ असं खाली उतरत प्रत्येक स्पीडला पाच-पाच फोटो घ्या. कॉम्प्युटरवर उघडून कुठल्या स्पीडपर्यंत बारीक अक्षरं वाचता येतात ते पाहा. ती तुमची स्वतःची हद्द. मग हेच डावा तळहात वर ठेवून, मग भिंतीला खांदा लावून करा, हद्द खाली सरकते का पाहा. हा आकडा लक्षात ठेवला की बाहेर फोटो काढताना कधी आयएसओ वाढवायचा हे डोकं आपोआप सांगतं.

हललेला फोटो सॉफ्टवेअरमध्ये नीट होतो का?

किंचित हललेला थोडा सुधारतो, शार्पन करणारी नवीन सॉफ्टवेअर बऱ्यापैकी काम करतात, पण चेहऱ्यावर वापरताना सांभाळा, डोळे आणि दात विचित्र होतात. दिव्यांच्या रेघा झालेला फोटो परत येत नाही. तरीही पुन्हा मिळणार नाही असा फोटो असेल, आजीचा, बारशाचा, तर तो डिलीट करू नका, साइज कमी करा आणि ४ बाय ६ चीच प्रिंट काढा, एवढ्या आकारात थोडंफार हललेलं डोळ्याला कळत नाही.